जीडी (जनरल ड्यूटी), टेक्निकल की क्लर्क? अग्निवीर भरतीचा फॉर्म भरायच्या आधी भावाला काय सांगू

जिंतूरची_ताई
नमस्कार सगळ्यांना. लांब लिहायलेय, समजून घ्या. माझा लहान भाऊ, १८ पूर्ण झालं, यंदा बारावी सायन्स झाला. आमची साडेतीन एकर कोरडवाहू. पोरगं गेलं वर्षभर पहाटे साडेचारला उठून येलदरी रोडला पळायला जातं, संध्याकाळी चिंचेच्या फांदीला लटकून बीम मारतं, घरात दुसरा विषय नाही. मी विचारलं भरती होऊन काय होणार, तर म्हणे फौजी. अरे फौजी होशील पण तिथं काम काय करशील? तर म्हणे ते तिकडं गेल्यावर देतात.

परवा त्याच्यासोबत नेटकॅफेला गेले. पोरांची रांग. कॅफेवाल्या दादानं आधार घेतलं, दहावीचा मार्कमेमो घेतला आणि मान वर न करताच विचारलं, जीडी ना? आमच्या पुढच्या तिन्ही पोरांचं जीडी, जीडी, जीडी. ह्याच्याही तोंडातून तेच निघणार तेवढ्यात मी म्हणलं दादा थांबा, आम्ही उद्या येतो. भाऊ घरी येईपर्यंत बोलला नाही माझ्याशी.

माझं म्हणणं एवढंच आहे की कपाशीच्या बियाण्याची पिशवी घ्यायची तर बाबा आठ दिवस चार जणांना विचारत फिरतात, आणि इथं पोरगं चार वर्षं काय करणार ते दोन मिनिटात ठरायलंय. घरात फौजेतलं कुणीच नाही, म्हणून इथं विचारतेय. एकूण ६१ टक्के. गणित ४४, फिजिक्स ५२, केमिस्ट्री ६३, इंग्रजी ५४. उंची भिंतीला उभं करून मोजली तर १६७ च्या आसपास भरली. जीडी भरू द्यावं का दुसरं काही?

जुना_ईएमई_जालना
ताई, तुम्ही थांबवलं ते फार चांगलं केलं. मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये, २४ वर्षं काढली, व्हेइकल मेकॅनिक, हवालदार म्हणून घरी आलो. आता अंबड रोडला डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. फौजेत आपल्या हातात निवड एकदाच येते आणि ती त्या फॉर्मवर येते. कॅटेगरी तुम्ही लिहायची. त्याच्या पुढं कोणती कोअर, कोणतं रेजिमेंट, कोणतं सेंटर, त्यातला कोणता ट्रेड, हे सगळं जागा किती आणि तुमचं मेरिट काय त्यावर ते ठरवणार, आणि एकदा दिलं की दिलं. तिकडं गेल्यावर देतात हे तुमच्या भावाचं म्हणणं अर्धंच खरं आहे. तिकडं गेल्यावर देतात ते आपण फॉर्मवर जे लिहिलं त्याच्याच आतलं देतात.

आता त्याचा हिशोब. जीडीला दहावी ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात, ते असतीलच. पण उंची बघा. आपल्या महाराष्ट्राला जीडीला १६८ सेंटीमीटर, ट्रेड्समनलाही (शेफ, धोबी, न्हावी अशी कामं) १६८, टेक्निकलला १६७, क्लर्कला १६२. तुमचा भाऊ १६७. म्हणजे जीडी भरलं असतं तर पेपर पास झाला असता, सोळाशे मीटर मारलं असतं, बीम दहा काढले असते आणि मग उंचीच्या पट्टीखाली एका सेंटीमीटरसाठी घरी आला असता. ग्राउंडला आधी पळवतात, उंची नंतर मोजतात, म्हणून पोरांना कळतं तेव्हा सगळा घाम गाळून झालेला असतो.

क्लर्कला कोणतीही शाखा चालते पण बारावी ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५०, त्यात इंग्रजी आणि गणित किंवा अकाउंट्स नाहीतर बुक कीपिंगमध्ये ५० पाहिजेत. त्याचं गणित ४४. ते दार बंद.

टेक्निकलला बारावी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि इंग्रजी घेऊन ५० टक्के, प्रत्येक विषयात ४०. हे त्याच्याकडं आहे. म्हणजे लष्करात त्याच्यासाठी एकच दार उघडं आहे आणि कॅफेतल्या रांगेत त्याला ते कुणी दाखवलं नसतं.

जिंतूरची_ताई
दादा तुमचं वाचून अंगावर काटा आला. एक सेंटीमीटर. त्याला वाचायला दिलंय, आतल्या खोलीत मोबाईल घेऊन बसलाय.

पलटणवाला_केज
राम राम. मराठा लाईट इन्फंट्रीत १७ वर्षं होतो, बेळगाव सेंटरला ट्रेनिंग झाली. जालन्याच्या उस्तादांचं बरोबर आहे, ज्याची उंची बसत नाही त्यानं जीडीच्या नादी लागू नये. पण धागा वाचून नवीन पोरांना असं वाटायला नको की जीडी म्हणजे ज्याला दुसरं काही जमलं नाही त्याचं काम.

जीडी म्हणजे जनरल ड्यूटी. सेक्शनमध्ये दहा जण असतात आणि त्या दहा जणांचं एकमेकांशी जे होतं ना ते भाऊबंदकीतही होत नाही. नियंत्रण रेषेवर रात्री दोन ते चारची संत्री ड्यूटी, धुकं इतकं की स्वतःची रायफल दिसत नाही, मोजे ओले, आणि बाजूच्या मोर्च्यातला गडी हळूच दगडावर दगड आपटतो, म्हणजे मी जागा आहे, तू पण जागा रहा. मी परत अठराचा झालो तरी जीडीच भरीन. ज्याला हे पाहिजे त्यानं छाती पुढं करून भरावं. नुसते मित्र भरायलेत म्हणून मात्र भरू नका, कारण तिथं दुसऱ्या महिन्यात मित्र वेगळ्या सेंटरला असतो आणि तुम्ही एकटे.

आणि जीडी म्हणजे इन्फंट्रीच असंही नाही. तोफखान्यात जीडी असतात, इंजिनिअर्समध्ये असतात. कुणी बेळगावला जातं, कुणी नाशिकरोडला, कुणी खडकीला. मला पलटणच पाहिजे आणि ती पण मराठाच पाहिजे असं फॉर्मवर लिहिता येत नाही. ज्याची सगळीकडं जायची तयारी आहे त्याचंच हे काम आहे.

एक गोष्ट लपवत नाही. गुडघे जातात. मला आता जिना उतरताना कठडा धरावा लागतो.

वसमतचा_१६४
मी पहिल्यांदाच लिहायलोय. ताईच्या भावाचं वाचलं आणि राहवलं नाही.

माझी उंची १६४. दहावीनंतर अकॅडमीत टाकलं घरच्यांनी, महिन्याला ६ हजार, राहणं खाणं त्यात. तिथं सगळ्यांना जीडीच. मी सरांना म्हणलो सर माझी उंची कमी आहे, ते म्हणले वय आहे अजून, वाढती, लटकत जा. मी लटकलो. सकाळ संध्याकाळ लटकलो, झोपताना पाय ताणून झोपलो, आईनं रोज भिजवलेले शेंगदाणे आन गूळ दिला. पहिल्या रॅलीला ५ मिनिट २५ सेकंदात पळालो, पहिल्या ग्रुपात आलो, बीम दहा, आन उंचीला बाहेर. दुसऱ्या वर्षी परत तेच. पट्टीवाल्या साहेबांनी मला ओळखलं का काय माहीत नाही पण खांद्यावर हात ठेवून म्हणले बेटा क्लर्क क्यूं नहीं भरता.

मला तोवर माहीतच नव्हतं की क्लर्कला १६२ चालती. दोन वर्षं. कुणी एकानं पण सांगितलं नाही. बारावी कॉमर्सला ६६ टक्के आहेत मला, बुक कीपिंग ७१, इंग्रजी ५७. म्हणजे बारावी झाल्यापासून मी बसत होतो त्याच्यात.

आता वय २० वर्षं ४ महिने. वय निघत चाललंय. टायपिंगचा क्लास लावलाय, कारण क्लर्कला आता टायपिंग टेस्ट आहे. आता हा चान्स सोडायचा नाही. ताई तुमच्या भावाला सांगा उंची पहिल्या दिवशी मोज, पळायला लागायच्या आधी मोज.

जुना_ईएमई_जालना
वसमतकर बाळा, वाईट वाटून घेऊ नको, तू बसतोस त्यात, अजून वेळ आहे. पळायचं तुला येतंच. क्लर्कला आणि टेक्निकलला ग्राउंड नुसतं पास व्हावं लागतं, जीडीसारखे त्याचे मार्क मेरिटला धरत नाहीत. सगळा खेळ पेपरवर. तर आता सकाळचं पळणं निम्मं कर आणि तो वेळ इंग्रजीला दे. क्लर्कच्या पेपरात इंग्रजीचा भाग वेगळा धरतात, तिथं वेगळं पास व्हावं लागतं, आपल्याकडची पोरं तिथंच मार खातात.

आणि क्लर्क म्हणजे नुसतं टेबलावर बसणं असं समजू नको. युनिटमध्ये जवानाची सुट्टी, पगार, बायकोचं नाव रेकॉर्डला चढवणं, पोराच्या जन्माची नोंद, सगळं बाबूच्या हातातून जातं. माझ्या लग्नाची नोंद एका बाबूनं वेळेवर केली नसती तर बायकोचा मेडिकलचा कार्ड सहा महिने अडकला असता. चांगला बाबू असला की अख्ख्या कंपनीचं घर शांत असतं.

हिंगोली_नेटकॅफे
मी हिंगोलीत कॅफे चालवतो, भरतीच्या दिवसांत रोज तीस चाळीस फॉर्म भरतो. ताईचं वाचून रात्री झोप लागली नाही खरं सांगतो. मी पण असंच विचारतो, जीडी ना? पोरगं हो म्हणतं आणि मी पुढं जातो, रांग असते मागं. आजपासून टेबलासमोर कागद चिकटवलाय, त्याच्यावर चारही कॅटेगरीची उंची आणि टक्के लिहिलेत, आणि मोजायची टेप बांधलीय दाराच्या चौकटीला.

माझ्याकडून काही कामाचं सांगतो.

२०२५ च्या भरतीपासून एका वेळी दोन कॅटेगरीला अर्ज करता येतो, तुमचं शिक्षण बसत असेल तर. बऱ्याच पोरांना हे माहीत नसतं आणि एकच भरून मोकळे होतात. उंची आणि टक्के बसत असतील तर दोन्ही खाने भरा.

फी २५० रुपये आहे. पेपर ऑनलाइन होतो, मराठीतून पण देता येतो. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात.

आपल्याकडं परभणी, हिंगोली, नांदेड, जालना आणि संभाजीनगर हे जिल्हे संभाजीनगरच्या एआरओला, म्हणजे सैन्य भरती कार्यालयाला, येतात. बीड, लातूर, धाराशिव पुण्याच्या एआरओला. दर वर्षी कुणीतरी लातूरचा पोरगा संभाजीनगरची जाहिरात बघून बसतो.

आणि मोबाईल नंबर स्वतःचाच द्या. माझ्याकडं एक पोरगं आलतं, त्याच्या फॉर्मवर दुसऱ्याच कुणाचा तरी नंबर आणि ईमेल टाकला होता, त्या माणसानं फोन उचलणं बंद केलं आणि पोराला अॅडमिट कार्डच निघेना. दहावीच्या मार्कमेमोवर नाव जसं आहे तसंच आधारला करून घ्या आधी, एका अक्षराचा फरक असला तरी कागदपत्राच्या टेबलावर घाम फुटतो.

औशाची_माय
माझा मुलगा फोनवर टाईप करून देतो पण आज मी स्वतः लिहायलेय, चुका झाल्या तर समजून घ्या.

माझा थोरला ट्रेड्समनमध्ये गेला, शेफ. दहावीला ४१ टक्के होते त्याला. जीडीला बसत नव्हता, बाकी काही बसत नव्हतं. ट्रेड्समनला दहावी पास लागती, प्रत्येक विषयात ३३, आणि काही कामांना तर आठवी पण चालती. भावकीतले म्हणले देशसेवा करायला जायलाय का भाकरी थापायला. मला फार लागलं ते. मी त्याला विचारलं तुला काय वाटतं रे, तर म्हणला आई मला स्वयंपाक आवडतो आणि मला फौजेत जायचंय, दोन्ही एका जागी मिळायलंय तर काय वाईट.

मागच्या सुट्टीत आला तेव्हा पहाटे चारला आपोआप उठला. म्हणला तिकडं याच वेळेला चहाचं आधण चढतं. घरात परात घेऊन कणिक मळायला बसला तर मी बघतच राहिले, दोन्ही मुठी खांद्यापासून जोर लावून, परात जागची हलत नव्हती. एकशे वीस माणसांचं करतो म्हणला. वर बर्फात जी माणसं असतात त्यांना दिवसातून एकदा गरम वाटी डाळ मिळाली की त्यांचे डोळे कसे होतात ते तू बघायला पाहिजे आई, असं म्हणला.

आता कुणी विचारलं तर मी सांगते माझं लेकरू फौजेत शेफ आहे. धोबी, शिंपी, न्हावी, मेस, हाउसकीपर, ह्या सगळ्यांचं ट्रेनिंग होतं, बंदूक सगळ्यांना चालवायला शिकवतात, वर्दी एकच असती.

एक सांगते, पोरींच्या बापांनी लग्नाची घाई केली होती. अग्निवीराला ती चार वर्षं लग्न करता येत नाही, फॉर्म भरताना पण अविवाहितच पाहिजे. आधीच सगळ्यांना सांगून ठेवा म्हणजे वाद होत नाहीत.

डीफार्म_नांदेड
सगळे चार वर्षांच्या नोकरीचंच बोलायलेत म्हणून विचारतो, माझं डी.फार्म झालंय, वय २१, मला पण फौजेत जायचंय पण अग्निवीरचं वय निघून गेलं असं सगळे म्हणतात. खरंच संपलं का?

जुना_ईएमई_जालना
संपलं नाही. सिपाही फार्मा बघ. बारावी आणि डी.फार्म ५५ टक्क्यांनी, नाहीतर बी.फार्म ५० टक्क्यांनी, वय १९ ते २५. फार्मसी काउन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं. ही अग्निवीर नाही, जुन्या पद्धतीची पक्की नोकरी आहे, पेन्शनवाली. तसंच ज्यांनी बारावीला बायोलॉजी घेतलंय त्यांच्यासाठी सोल्जर टेक्निकल नर्सिंग असिस्टंट, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी, ५० टक्के आणि प्रत्येकी ४०, वय २३ पर्यंत, ती पण पक्की. आपल्या मराठवाड्यात डी.फार्मची पोरं कमी नाहीत, आणि हे दार किती जणांना माहीत आहे? उंची मात्र मोजून घे, १६७ लागते.

डीफार्म_नांदेड
काका खरं सांगू का, मी मेडिकलवर ८ हजारात काम करायलोय आणि डोक्यातून फौज काढून टाकली होती. आजच कागद काढतो सगळे. डी.फार्मला ६४ आहेत, उंची १७१.

धाराशिवचा_मास्तर
मी शाळेत शिकवतो, माझे विद्यार्थी दर वर्षी जातात म्हणून जरा कडू बोलतो. सगळं ठीक आहे पण चार वर्षांनी काय? १०० मधले २५ ठेवणार, ७५ घरी येणार. हातात पहिल्या वर्षी महिना २१ हजार, चौथ्या वर्षी २८ हजार. दर महिन्याला पगारातून ३० टक्के कापून सेवा निधीत, सरकार तेवढेच घालणार, चार वर्षांनी १० लाख ४ हजार आणि वर व्याज. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. २२-२३ वर्षांचा पोरगा पावणेबारा लाख घेऊन गावात येणार, आधी ट्रॅक्टरवाला येईल दारात, मग बुलेटवाला, मग बहिणीचं लग्न. हे घरच्यांना आधी नीट समजलं पाहिजे. मी कुणाला जाऊ नको म्हणत नाही, पण कोणतं काम निवडायचं याचं उत्तर याच प्रश्नात आहे असं मला वाटतं.

जुना_ईएमई_जालना
मास्तर, तुम्ही नेमकं बोललात, मला तेच मांडायचं होतं पण जमत नव्हतं.

आमच्या वेळी पंधरा वर्षं झाली की पेन्शन पक्की, त्यामुळं कोणतं काम मिळालं याचा फार विचार कुणी करत नव्हतं. मी पण टेक्निकल भरलं ते मामानं सांगितलं म्हणून. पण आता चार वर्षांचं आहे म्हणून हा विचार दहापट मोठा झालाय. जो राहतो तो चार वर्षांच्या कामावर राहतो, नशिबावर नाही. जो येतो तो हातात काय घेऊन येतो ते बघा.

लेहला आम्ही होतो डिसेंबरात. रात्रीत डिझेल गोठायचं. पहाटे स्टॅलियन गाडी सुरू करायची तर आधी इंजिनाला ऊब द्यायची. उघड्या हातानं पाना धरला तर कातडी लोखंडाला चिकटायची, म्हणून पान्याला कापड गुंडाळून ठेवायचो. एकदा ताफा निघायच्या तासभर आधी एका गाडीचा फ्युएल पंप गेला. नवा नव्हता. आम्ही दोघांनी बंद पडलेल्या दुसऱ्या गाडीचा काढला, तंबूत स्टोव्हपाशी बसून साफ केला, बसवला, आणि गाडी वेळेवर निघाली. त्या दिवशी जे शिकलो ते आज अंबड रोडला माझं पोट भरतं. रात्री बाराला ऊसाची गाडी बंद पडली तरी लोक मलाच फोन करतात.

म्हणून मी प्रत्येक पोराला एकच विचारतो. बाळा, चार वर्षांनी तू परत आलास तर कोणतं काम हातात घेऊन येशील? ते काम आज फॉर्मवर लिही. आयटीआयवाल्यांनी तर खास ऐका. मोटार मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, फिटर, अशी दोन वर्षांची आयटीआय असेल आणि दहावीला ५० टक्के असतील तर बारावी सायन्स नसताना पण टेक्निकलला बसता, वरून बोनस मार्क. आणि तीच पोरं जीडीच्या रांगेत उभी असतात, बघून जीव तुटतो.

पलटणवाला_केज
उस्ताद, मान्य. एकच जोडतो. जीडीवाल्यानंही रिकाम्या हातानं येऊ नये. दहावीवर गेलेल्या अग्निवीराला बारावीचं सर्टिफिकेट मिळायची सोय केलीय, इग्नूची पदवी पण आहे जिच्यात फौजेतल्या ट्रेनिंगचे मार्क धरतात. आमच्या वेळी हे नव्हतं. आमची पोरं संध्याकाळी पत्ते खेळायची. आणि मास्तर, सेवा निधीच्या पैशाचं तुम्ही शाळेतच पोरांच्या बापांना सांगत चला, तुमचं ऐकतात लोक.

चिल्का_रिटर्न
नेव्हीवाला आहे, थोडक्यात लिहितो. ताई, भावाची उंची लष्कराच्या काठावर आहे तर नेव्ही आणि एअरफोर्स पण बघा. नेव्हीला १५७ चालते, एअरफोर्सला १५२. नेव्हीत एसएसआरला (बारावीवाल्यांची भरती) बारावी गणित फिजिक्स आणि ५० टक्के, ट्रेनिंग ओडिशात आयएनएस चिल्काला. दहावीवाल्यांना एमआर (मॅट्रिक रिक्रूट), त्यात शेफ, स्टीवर्ड, हायजिनिस्ट म्हणजे साफसफाईवाले. एअरफोर्सला ५० टक्के आणि इंग्रजीत वेगळे ५०, त्याला ५४ आहेत म्हणजे बसतो, ट्रेनिंग बेळगावला सांबऱ्याला. पण तिथंही ट्रेड तेच देतात, आपण मागून मिळत नाही. आणि पोहायला येत नसेल तरी घाबरू नका, मी चिल्काला गेलो तेव्हा विहिरीत पण उतरलेलो नव्हतो, तिथं शिकवतात.

जिंतूरची_ताई
सगळ्यांचे खूप आभार. चार दिवस झाले, आता सांगते काय झालं.

भाऊ त्या रात्री जेवला नाही. सकाळी पळून आला आणि चौकटीला पाठ लावून उभा राहिला, म्हणला मोज. आईनं डोक्यावर पाटी आडवी धरली, मी पेन्सिलनं रेघ मारली, टेप लावली, १६७.४. त्याला हसू आलं. संध्याकाळी रानातून आल्यावर परत मोजलं तर १६६.७. त्याचा चेहराच उतरला. माझ्या पोटात गोळा आला. असं होतं का हो? दिवसात उंची कमी होते?

जुना_ईएमई_जालना
होते ताई. दिवसभर उभं राहून, वजन उचलून मणके दबतात, सगळ्यांचंच सेंटीमीटरभर होतं, झोपून उठलं की भरून निघतं. रॅली पहाटेच असते, पण आदल्या रात्री गेटबाहेर रस्त्यावर उभं राहून काढू देऊ नका. संभाजीनगरला कुणी ओळखीचं असेल तर आदल्या दिवशी दुपारीच पाठवा, आडवं होऊन झोपू द्या. तरी ०.४ वर विसंबू नका. एकदा सरकारी दवाखान्यात पक्क्या पट्टीवर सकाळी मोजून घ्या. आणि चिल्कावाल्या भावानं सांगितलंय ते दोन्ही फॉर्म पण भराच.

धाराशिवचा_मास्तर
ताई, केस बारीक कापून पाठवा. हसू नका, केसाच्या फुगवट्यामुळं घरची मापं चुकतात हे मी शाळेच्या तपासणीत बघितलंय.

जिंतूरची_ताई
मास्तर केस कापून परत मोजलं, १६७.१. आज सकाळी दवाखान्यातल्या सिस्टरनी पण मोजलं, १६७.२ लिहून दिलं. कागद मी पर्समध्येच ठेवलाय.

काल फॉर्म भरला. लष्कराला टेक्निकल. दुसरा खाना त्याच्या उंचीनं आणि गणितानं मोकळाच राहिला. एअरफोर्स आणि नेव्हीचे फॉर्म निघाले की ते पण भरणार. कॅफेवाल्या दादानं ह्या वेळी मान वर करून विचारलं कोणतं भरू, आणि भावानं स्वतः सांगितलं, मी मध्ये बोलले नाही. मग मागच्या पोराकडं वळून त्यानंच विचारलं, तुझी उंची किती रे?

आता खरी अडचण गणिताची. ४४ वाला पोरगा टेक्निकलच्या पेपरला बसायचा म्हणजे त्रिकोणमितीपासून सुरुवात आहे. जिंतुरात किंवा परभणीला कुणी संध्याकाळी गणित, फिजिक्स शिकवणारं आहे का? फी देऊ, पण अकॅडमी नको.

वसमतचा_१६४
ताई माझं गणित बरं आहे. मी रोज संध्याकाळी सातला टायपिंगवरून घरी येतो, आठला व्हिडिओ कॉलवर बसवा त्याला. फी नको. त्याच्या बदल्यात तुम्ही शाळेत वगैरे असाल तर माझं इंग्रजी बघा.

जिंतूरची_ताई
मी इंग्रजीच शिकवते दादा. आज आठला लावते कॉल.